बोगद्यात अडकलेला व्हॉल्व्ह

परवा साताऱ्यात गाडीची पीयूसी काढताना नाकात धूर गेला आणि खंबाटकीच्या बोगद्यातली ती दुपार आठवली. दम्यानं बेजार झालेल्या आबांना, माझ्या वडिलांना, मी आमच्या जुन्या गाडीतून वडूजहून पुण्याला दवाखान्यात नेत होते. बोगद्यात वाहनं तुंबली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आमची गाडी बंद पडू लागली. पुढं-मागं ट्रक, काचा वर असूनही घसा जळत होता.

“आबा, चालत बाहेर जाऊया?”

“चालवत न्हाई गं मला.” फौजेत गाड्या दुरुस्त केलेले आबा डोळे मिटून इंजिन ऐकत होते. “रेस दिली की चालतीय, सोडली की मरतीय. धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पान्यानं हळू ठोक त्येला.”

त्यांनी दाखवलेल्या जागी मी बॉनेटखाली ठोकत राहिले. “घाबरू नगंस, आजून यकदा,” आबा बोलतच होते. शेवटी गाडी सुरू झाली आणि सुरू राहिली. उजेडात आल्यावर मात्र कितीतरी वेळ त्यांना बोलता येईना.

तेव्हा वाटलं होतं, आबांचा सगळा जीव गाडीतच. आज कळतं, उरलासुरला श्वास ते माझी भीती घालवायला वापरत होते.