अठ्ठेचाळीस किलो आणि तीन पुरणपोळ्या

शारजातल्या त्या स्पर्धेचा वजनकाटा अगदी बरोबर होता. हे एक वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. आजवर मी सगळ्यांना ‘काटाच खोटा होता’ असं सांगत आलो. आता वय झालं, बोललेलं खोटं लक्षात राहत नाही. खरं सांगणंच सोपं पडतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजातल्या रोल्ला भागात आमच्याच मजल्यावर जोसी नावाची फिलिपिनो मुलगी राहायची. एका कार्गो ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. लहानपणीच्या पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतून हिंडायची. मला ‘कुया’ म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले, ते इथे मराठीत लिहितो. (दोघांचीही अब्रू राहील.)

एकदा आमचा गॅसचा सिलिंडर दारात अडला. मी आणि वॉचमन ‘यल्ला, यल्ला’ (म्हणजे ‘चला, चला’) करत कंबर धरून उभे. जोसी आली, तिनं सिलिंडर उचलून मांडीवर घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

“अगं, हे काय?”

“कुया, मी वजनं उचलते. स्पर्धेत.”

बाकावर उताणं झोपायचं, वजनांचा दांडा छातीपर्यंत आणायचा, क्षणभर थांबवायचा आणि वर ढकलायचा, असा तो खेळ. आता शारजात अपंगांची स्पर्धा होती. अंगाचं वजन अठ्ठेचाळीस किलोच्या आत असणाऱ्यांच्या गटात पहिली आली तर देशाच्या संघात घेऊ, असं तिला मनिलाहून पत्र आलं होतं. खुर्ची मावेल अशी गाडी इमारतीत फक्त माझी. मी छाती पुढे काढून म्हणालो, “मी नेतो तुला!” इथून माझं पाप सुरू होतं.

स्पर्धेचा शुक्रवार नेमका होळीचा निघाला. जोसी दुपारी दारात आली तेव्हा घरभर पुरणाचा वास.

“कुया, मी काही खाणार नाही. आधी वजन होणार आहे. सकाळी सत्तेचाळीस किलो सातशे होतं.”

“रिकाम्या पोटी लोखंड उचलणार? मालती, पान वाढ!”

बायको म्हणाली, “अहो, ती नको म्हणतेय ना!”

“तू वाढ गं.”

जोसीनं पोळीकडे संशयानं पाहिलं. “यात काय असतं?”

“डाळ आणि चपाती,” मी म्हणालो. (कोर्टातसुद्धा टिकलं असतं!)

“गोड लागतेय.”

“आमच्याकडे डाळ गोडच असते.”

वर तूप ओतलं, ते औषध म्हणून. एकीच्या तीन झाल्या, वाटीभर आमटी झाली.

आम्ही सगळेच तिच्याबरोबर हॉलवर गेलो. तिथे काट्यावर आकडा आला अठ्ठेचाळीस किलो चारशे. जोसीचा चेहरा पडला. तेव्हा मी कबूल करायला हवं होतं. मी ओरडलो, “काटा खोटा आहे!”

पंच शांतपणे म्हणाले, “मग तुम्ही उभे राहा. तुमचं वजन किती?”

“बासष्ट!”

काट्यानं चौऱ्याहत्तर दाखवलं.

“बघा! बारा किलोंचा फरक!” मी विजयी मुद्रेनं म्हणालो.

“बाबा, दॅट्स युअर रिअल वेट,” आमची बारा वर्षांची रश्मी म्हणाली. मालतीनं माझ्याकडे असं पाहिलं की काटासुद्धा शून्यावर आला असता.

पुन्हा वजन करायला पाऊण तास होता. मी तोडगा काढला. उन्हातली गाडी, काचा बंद, हीटर चालू, आत जोसी! घाम गाळून चारशे ग्रॅम सहज उतरतील. शिवाय माणसं जास्त तर उकाडा जास्त, म्हणून मीही आत बसलो.

“कुया, तुम्ही उतरा. तुमचा चेहरा लाल झालाय.”

“मी कोकणातला आहे! मला घामाची सवय—”

यापुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी हलत होतो. मला गाडीतून ओढून काढून जोसीनं सिलिंडरसारखं मांडीवर घेतलं होतं आणि ती सपासप चाकं मारत हॉलकडे निघाली होती! मागून मालती आणि रश्मी धावत होत्या. दारात पंच म्हणाले, “वजन नक्की कोणाचं करायचंय?” मग घड्याळाकडे पाहून, “खलास. वेळ संपली. वर चार मिनिटं झाली.”

ती वरच्या, बावन्न किलोच्या गटात उतरली आणि चौथी आली. अठ्ठेचाळीसच्या गटात पहिल्या आलेल्या बाईपेक्षा तिनं पाच किलो जास्त उचलले होते. ती बाईही फिलिपिनोच, संघात ती गेली. परतताना जोसी गाडीत एकच वाक्य बोलली, “कुया, तुम्ही माझ्यासाठी केवढे भांडलात!” मी रस्त्याकडे बघत राहिलो.

पुढे दोन वर्षांनी ती संघात गेली, पदकही आणलं. पण मधली दोन वर्षं तिची मी खाल्ली होती, तीही तुपासकट.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास ती कायमची मायदेशी निघाली, तिथल्या मुलांना हा खेळ शिकवायला. आता बोलायचंच, असं ठरवून विमानतळावर गेलो. मालतीनं डबा दिला होता.

“यात काय आहे, कुया?”

“डाळ आणि चपाती,” तोंडातून निघून गेलं.

तिनं डबा बॅगेत कोंबला. बॅग काट्यावर चढली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, दीड किलो जास्त आहे.”

जोसीनं डबा काढून माझ्या हातात दिला आणि खळखळून हसली. “कुया, हाही काटा खोटाच असणार, नाही?”

म्हणजे तिला सगळं माहीत होतं! “जोसी, मला तुला—” मी सुरुवात केली. रांगेतून कोणी ओरडलं, “हबीबी, यल्ला!” ती हात हलवत आत गेली.

पोळ्या मी पार्किंगमध्ये गाडीत बसूनच संपवल्या. माफी तेवढी अजून शिल्लक आहे.