खात नाही, घासतो

“स्क्रू हाडात धरतोय, पण भोवतालची हिरडी सुजली आहे. हे असंच चाललं तर उद्या हाडही खराब होईल,” डॉक्टर म्हणाले. दुखण्याचं नाव त्यांनी पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस सांगितलं. म्हणजे दातासाठी बसवलेल्या स्क्रूभोवतीच्या हिरडीची सूज.

मी गोंदियाजवळच्या कुडव्याचा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. कोहमाऱ्याजवळ मोटारसायकलवरून पडलो आणि वरचा समोरचा दात मुळासकट गेला. क्लॅरिनेट वरचे दात टेकवूनच फुंकावं लागतं. काढता-घालता दात लावून पाहिला, तर सुराच्या आधी तोच हलायचा. शेवटी इम्प्लांट करायचं ठरलं. गोंदियात तेव्हा ते नवीनच होतं.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड हळूहळू त्याला चिकटतं, त्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. हिरडीलाही भोवती गच्च बसावं लागतं, नाहीतर जंतू आत शिरतात. याला काही महिने जातात. तोवर फुंकायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

आता माझ्यासारख्या माणसाला रिकामं बसवतं का? हात शिवशिवायचे. गल्लीतून वरात निघाली की मी दार लावून घ्यायचो. लग्नसराई तोंडावर आली होती आणि बँडमालक माझ्या जागी दुसरा माणूस बघत होता. मी सारखा आरशात ओठ वर करून पाहायचो. हिरडी लालभडक, ब्रश लागला की रक्त. वाटायचं, सफाई कमी पडते आहे. मग आणखी घासायचो.

त्या दिवशी एक्स-रे पाहून डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तंबाखू खाता का. मी पुन्हा नाही म्हणालो. खोटं बोलत नव्हतो, मी सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याला हातही लावत नाही.

बायको शेजारीच बसली होती. “खात नाई जी ते,” ती म्हणाली. “गुडाखू घासतेत ना, दोन टाइम.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. “गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळच की हो.”

आमच्याकडे गुडाखू दात साफ करायला असतो, त्याला व्यसन कोण म्हणतं? सूज दिसली की मी तोच जास्त चोळत होतो, नेमका त्या स्क्रूभोवती. स्वतःचा भयंकर राग आला. डॉक्टर म्हणाले, हाड अजून शाबूत आहे, आजपासून बंद केलात तर हिरडी सावरेल.

बंद केला. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, घरात सगळ्यांवर खेकसायचो. बायको बडीशेपेची वाटी पुढे सरकवायची. दवाखान्यात जाऊन सफाई, घरी मऊ ब्रश, गुळण्या. हळूहळू रक्त थांबलं, हिरडी गुलाबी होऊन घट्ट बसली.

दात बसवून झाल्यावर काही दिवसांनी डॉक्टरांनी क्लॅरिनेट घेऊन बोलावलं. मी बाहेर बसलो होतो. आत ते एका बाईंना विचारत होते, “तंबाखू खाता? आणि गुडाखू घासता?” तुम्हीही असा दात बसवणार असाल, तर डॉक्टरांनी न विचारलेलंही सांगून टाका.

मग माझी पाळी आली. पहिला सूर फाटला. दुसरा लागला, आणि माझे डोळे भरून आले.

बाहेर आलो तर त्या बाई बायकोला विचारत होत्या, गुडाखू सोडताना लय तरास होते का.

“त्यायच्यापेक्षा मलेच जास्त झाला,” बायको म्हणाली.

खरं आहे ते. तिनं तोंड उघडलं, म्हणून आज माझं क्लॅरिनेट वाजतंय.