अप्पारावांची साफसफाई

आमच्या वाळूजच्या कारखान्यात कम्प्युटर अडला की अप्पारावांना बोलवायचं असतं. मग तो कम्प्युटर त्या दिवसापुरता गेला असं समजून आपण दुसरं काम काढायचं. मी हिशेब विभागात आहे, त्यामुळे माझ्याकडे दुसरं काम नेहमी असतं. सगळ्यांचं तसं नसतं.

अप्पाराव गंगापूरकडचे. घरी ऊस आहे, कापूस आहे आणि मालकांच्या सासुरवाडीशी सोयरीक आहे. त्या सोयरिकीवरच ते इथं चिकटले. कम्प्युटर कुठं शिकले, हे इतकी वर्षं शेजारी काढूनही मला कळलेलं नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवतात. आमच्या एकाही कम्प्युटरला किल्ली लागत नाही. हात मागं बांधून टेबलांमधून असे फिरतात, जसा पाटील शिवारातून फेरी मारतो. कोणी अडचण सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला, "काय दाबलं तुमी?" मग मशीन बंद करून चालू करायचं. तेवढ्यानं भागलं नाही, तर चहाला जायचं. पण सगळ्या मशीनचे पासवर्ड त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी खालच्या शेडमधले कामगार प्रेसच्या मशिनी घासूनपुसून लख्ख करतात. अप्पारावांना वाटतं, आपण मागं का राहावं? कम्प्युटरवरची धूळ आशाबाई फडक्यानं पुसतात, म्हणून हे आतली साफसफाई काढतात. म्हणजे एकेका मशीनसमोर बसायचं आणि ज्या नावाचा अर्थ लागत नाही ते बंद करून टाकायचं. यांना अर्थ न लागणारी नावं किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. यंदाही ते सगळं झालं. दुसऱ्या दिवशी माउसवर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला.

"आता बगा सुलेखाताई," मला म्हणाले, "मशीन कशी वाऱ्यावानी पळती!"

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो, तर झेबाच्या मेलमधलं एक बटण गायब.

झेबा छावणीतली पोरगी. वडील कमरोद्दीनमियाँ लष्करी गणवेश शिवायचे. आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, त्यामुळे घर हिच्यावर. आमच्याकडे ती उमेदवारीवर होती आणि त्याच आठवड्यात कायम व्हायची होती. तिचं काम म्हणजे पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला भागांची ड्रॉइंगं आणि दर पाठवणं. ते गिऱ्हाईक साधी मेल घेत नाही. त्यांनी दिलेलं एक जोडकाम मेलमध्ये बसवलेलं असतं, त्याला ॲड-इन म्हणतात. त्याचं बटण वरच्या पट्टीत दिसतं, ते दाबलं की फाइल कुलूपबंद होऊन जाते. ते फक्त झेबाच्याच मशीनवर होतं. आणि नव्या कामाचे दर त्याच दिवशी चारच्या आत जायला हवे होते. राजकुमार सरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, तिला सकाळीच सांगितलं होतं, "हे काम आलं की तुझं पक्कं समज."

झेबानं अप्पारावांना बोलावलं.

"काय दाबलं तुमी?"

"सर, काहीच नाही. सकाळी उघडलं तेव्हाच नव्हतं."

"आसं कसं? बटनाला काय पाय हायेत का?"

मशीन बंद झालं, चालू झालं. बटण नाही. मग त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. माउस बदलला. टेबलाखाली शिरून वायर हलवली आणि उठताना डोकं आपटून घेतलं. माझं दिवसभरातलं तेवढंच समाधान. शेवटी म्हणाले, "मेलमंदीच खराबी हाय," आणि मेलचं अख्खं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला बसले. जुन्या मेली परत उतरायला लागल्या, तसे हे जेवायला गेले. साडेतीन वाजले. सगळं उतरलं, बटण नाहीच. असणार कुठून? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा प्रकार.

झेबानं पुण्याच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिकडच्या बाई शांतपणे सांगत होत्या, फाइलमध्ये जा, ऑप्शन्समध्ये जा, तिथं ॲड-इन्स लिहिलेलं दिसेल. अप्पारावांनी फोन हातातून घेतला. "मॅडम, आमी सगळं पाह्यलंय. फाल्ट तुमच्याकडंच हाय." आणि ठेवला. मला इतका संताप आला की मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"अहो अप्पाराव, त्या काय सांगत होत्या ते ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"सुलेखाताई, ज्याचं काम त्यानं करावं."

झेबानं पुन्हा फोन लावला, या वेळी त्यांच्याकडे पाठ करून. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली 'गो' दाबलं. यादी उघडली. त्या जोडकामाच्या नावासमोरचा चौकोन रिकामा होता. तिथं फक्त टिक करायची होती. केली, तर पासवर्ड मागितला. अप्पारावांनी आम्हाला तोंडं फिरवायला लावली आणि तो चुकीचा टाकला. परत चुकीचा. मग खिशातला चष्मा काढला.

बटण आलं. झेबानं दाबलं. पुण्याहून लगेच उत्तर आलं, मुदत संपली आहे.

राजकुमार सर धावत आले. "ही टिक काढली कोणी?"

"मीच की!" अप्पाराव म्हणाले, आणि खरं सांगते, अभिमानानं म्हणाले. "साफसफाईत काढली. नाव लई लांबलचक हुतं. आन् कामाचं हाय हे हिनं सांगाया नको?"

"सर, मैं तो रोज वही दबाती थी," झेबा म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसमोर."

राजकुमार सर आल्या पावली केबिनकडे वळले. त्यांनाही सासुरवाडी ठाऊक होती.

काम दुसऱ्या कारखान्याला गेलं. चूक कोणाची म्हणून राजकुमार सरांना मालकांकडे कोणाचं तरी नाव द्यायचं होतं. उमेदवारीवर कोण होतं? झेबा. तिलाच कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी केबिनमध्ये जाऊन सरांना स्पष्ट सुनावलं. ते मान खाली घालून म्हणाले, "ताई, तुमचं खरं आहे. पण वर कोण बोलणार?" यांच्याबद्दल मला थोडा आदर होता, तोही मी तिथंच ठेवून आले.

झेबा रडली नाही. टेबलाच्या खणातला डबा, छत्री काढली, आशाबाईंना आणि मला मिठी मारली. "अब्बूंना काय सांगू, तेवढं सांगा ताई," म्हणाली. ती कंपनीच्या बसची वाट न बघता चालत फाटकाबाहेर गेली.

अर्ध्या तासात वरून निरोप आला, झेबाचं मेलखातं बंद करा. अप्पाराव तिच्या खुर्चीत बसले. मशीन बंद-चालू केलं नाही, वायर हलवली नाही, कोणाला काही विचारलं नाही. सगळ्यांच्या नावांच्या यादीत तिचं नाव शोधलं आणि काढून टाकलं.

"झालं!" ते मला म्हणाले. "काम आसं पाह्यजे बगा, एका दमात."

एवढ्या वर्षांत त्यांनी न चुकता केलेलं मी पाहिलेलं ते एकच काम.