सुइरेनची नोंदवही

सुइरेन पांडा बांबूची प्रत्येक काडी आधी हुंगायची. पसंत पडली तर भिंतीला पाठ टेकून, पोटावर पानांचा ढीग रचून खात बसायची. नाही पडली तर खांद्यावरून मागे भिरकावायची. दहातल्या सात काड्या मागेच जात. मग उठून लोखंडी दारावर थापा मारायची, त्या दुसरा भारा येईपर्यंत थांबत नसत. तिची देखभाल करणाऱ्या मोरिता-सान म्हणत, "बाईसाहेबांची भाजी निवडून झाली. आणा दुसरी."

जपानमधल्या त्या प्राणिसंग्रहालयात मी २०११च्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. नवऱ्याची बँकेने बदली केली होती, आम्ही टोकियोजवळ उरायासुला राहत होतो. ओळखीची बरीच कुटुंबं भूकंपानंतर भारतात परतली होती आणि घरात करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. जपानीत नावापुढे आदराने 'सान' लावतात, आणि माझं आडनाव साने; ते ऐकून मोरिता-सान खळखळून हसल्या. "साने-सान! हाक मारताना माझी जीभच अडखळणार." काम सोपं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सुइरेनकडे बघायचं आणि दर पाच मिनिटांनी ती काय करते ते लिहायचं.

"माझ्याकडे कधी इतकं लक्ष दिलं नाहीस," नवरा म्हणायचा.

"तू बांबू फेकून दाखव, तुझीही नोंद ठेवते."

त्या उन्हाळ्यात सुइरेनला पिल्लू झालं. आधीचं जन्मतःच गेलं होतं, त्यामुळे अभिनंदन म्हणायला कुणी धजेना. हे तळहाताएवढं, गुलाबी, जवळजवळ बिनकेसांचं. आवाज मात्र कर्कश. एरवी दारं ठोकणारी ही बाई आता अन्नाकडे बघेना. एका पंजात पिल्लू धरून ती बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. पिल्लू जरा घसरलं की किंचाळायचं, ती दचकून त्याला चाटायची आणि पुन्हा छातीशी लावायची. चार दिवस हेच. मोरिता-सान जाळीशी बसून विनवायच्या, "खा गं, एक पान तरी खा. तू तगलीस तर ते तगेल."

पाचव्या दिवशी दुपारी पिल्लाचा आवाज बंद झाला. झोपलं की ते गप्पच असायचं, म्हणून मी वीस मिनिटं वाट पाहिली. दूधही पीत नव्हतं. काही वेगळं दिसलं तर कागद शेजारच्या खोलीत डॉक्टरांना द्यायचा, असा नियम होता. मी लिहिलं, 'कोए नाकु'. कोए म्हणजे आवाज. डॉक्टरांनी वाचलं, मान डोलावली आणि ते पुन्हा कामाला लागले. त्यांना कळलं असं मी धरून चालले.

जपानीत 'नाकु' म्हणजे 'नसताना', आणि 'नाकु' म्हणजे 'ओरडणे'सुद्धा. चित्रलिपीत हे दोन शब्द वेगळे दिसतात. मला चित्रलिपी धड येत नव्हती. मी साध्या जपानी अक्षरांत लिहायचे आणि त्यात दोन्ही सारखेच. मी लिहिलं, आवाज नाही. त्यांनी वाचलं, ओरडतंय.

अर्ध्या तासाने मोरिता-सान आल्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "कधीपासून गप्प आहे?"

"पन्नास मिनिटं. मी लिहून दिलंय."

त्या धावतच सुटल्या.

पिल्लू काढून घेण्यासाठी सुइरेनपुढे मधाच्या पाण्याचं भांडं धरलं. तिने ते ढकललं. तीनदा ढकललं. पिल्लाला उलटंपालटं करून चाटत राहिली, छातीशी लावत राहिली. ते निसटून खाली येत होतं. चौथ्यांदा, पाच दिवसांची उपाशी ती, भांड्याला तोंड लावून बसली. पंजा सैल पडला. मोरिता-साननी पिल्लू उचललं.

डॉक्टर दोन बोटांनी ती एवढीशी छाती दाबत होते. किती वेळ, ते मी लिहिलं नाही. मग त्यांनी तोंडावरचा मास्क काढला आणि मान खाली घातली.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "माझ्या अक्षरांमुळे झालं."

"मी विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

मी मोरिता-सानकडे पाहिलं. "आधी कळलं असतं तर वाचलं असतं?"

"नसतं वाचलं, असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल, साने-सान. पण मला माहीत नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तुम्हालाही कधी कळणार नाही."

पडद्यावर सुइरेनने भांडं चाटूनपुसून संपवलं होतं. तिने पंजाकडे पाहिलं. खालचं गवत उचकटलं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन आली. शेवटी बसली, पंजा वाकवून छातीशी धरला आणि आतली रिकामी जागा चाटू लागली.

"पडदा बंद करू?" मी विचारलं.

"नको. तिचं अजून संपलेलं नाही."

पाच मिनिटं झाली होती. मी बसले आणि लिहिलं. मग पुढची पाच.