बाबांच्या कानाची वायर

बाबांचं ऐकणं एकाएकी गेलं नाही. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरतं तसं ते उतरत गेलं. रोज पाहणाऱ्याला कळत नाही, आणि मग एका सकाळी मधला खडक उघडा पडलेला दिसतो. आधी बारीक आवाज गेले असणार. डासाची गुणगुण, चुलीतल्या ओल्या लाकडाची चुरचुर. ते गेले तेव्हा बाबांनाही कळलं नसेल. मग माणसांची बोलणी गेली, आणि तेव्हा आम्हाला कळलं.

आमचं गाव नागभीडपासून थोडं आत आहे, तलावाच्या पाळीला लागून. थोडी धानाची शेती आहे, पण बाबांचा जीव तलावात. पहाटे डोंगा घेऊन ते जाळी काढायला जातात. लहानपणी मी पाळीवर बसून पाहायची. धुक्यात डोंगा दिसायचा नाही, फक्त बाबांचं खाकरणं पाण्यावरून सरकत यायचं. तेव्हा ते मधेच वल्हं थांबवून मान कलती करायचे आणि मासा कुठे उसळला ते ऐकायचे. मोठेपणी सुट्टीत गेले तेव्हा पाहिलं, तर ते मान कलती न करताच डोंगा वल्हवत होते.

चंद्रपूरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की कानाच्या नसाच कमजोर झाल्यात. एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं, पण ते कानात शिट्टी मारायचं. बाबांनी ते आठवडाभर घातलं आणि मग भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं. देवाजवळ ठेवलंय म्हणजे सांभाळून आहे, असं त्यांचं म्हणणं.

आई मात्र बोलायची थांबली नाही. भाकरी थापताना, शेणानं सारवताना, धान पाखडताना ती बाबांशी बोलतच असायची. बाबा समोर बसून जाळं विणायचे, आणि त्यांना काही ऐकू जात नाही हे तिला पक्कं ठाऊक असायचं. म्हणूनच की काय, ती काहीही बोलायची. शेजारणीची चुगली, माहेरची आठवण, गुडघ्याचं दुखणं. कधी बाबांनाच शिव्या, आणि कधी एखादी इतकी हळवी गोष्ट, की मी आतल्या खोलीतून ऐकत असले तर बाहेर यायला संकोचायची.

मी चंद्रपुरात शिवणकाम करते. दिवसभर मशीनवर बसायचं असतं, म्हणून कानात गाणी लागतात. वायरीचाच इअरफोन वापरते, कारण त्याला चार्जिंग लागत नाही आणि तो टेबलाखाली घरंगळून हरवत नाही. एक वायर गळ्यात, एक मोजायची टेप गळ्यात, असा माझा अवतार. एका दुपारी काम नव्हतं म्हणून फोनची सेटिंग चाळत होते, तर त्यात एक सोय दिसली. बाहेरचा आवाज फोन टिपतो, मोठा करतो आणि इअरफोनमध्ये सोडतो. मी चालू करून पाहिली आणि दचकलेच. रस्त्यापलीकडच्या चहावाल्याचा चमचा माझ्या कानात वाजत होता.

पुढच्याच सुट्टीत गावी गेले. हिवाळ्याची दुपार होती. अंगणात ऊन पसरलं होतं, बाबा पाठ उन्हाला करून जाळ्याची फाटकी घरं सांधत होते. पलीकडे आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी बाबांसमोर बसले, त्यांच्या दोन्ही कानांत इअरफोन घातला, फोन हातात धरला आणि आवाजाची पट्टी हळूहळू वर नेली.

बाबांचे हात थांबले. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. आभाळ निळं, कोरडं.

"पाऊस येऊन राह्यला का वं?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. मग माझं लक्ष आईच्या सुपाकडे गेलं. तांदळाची सरसर. मी बोट दाखवलं. बाबा सुपाकडे बघत राहिले. आईनं पुन्हा एकदा तांदूळ उडवले, आणि त्यांचे ओठ थोडे उघडले, लहान मूल पहिल्यांदा काही पाहतं तसे.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या मते पोरीनं बापाला गाणी लावून दिली होती. ती आपल्या नादात बोलत होती. "बसले पाहा उन्हात. सकाळपासून पोटात अन्न नाई, पन जाळं सोडन तं शपथ. मरतीन एक दिवस त्या जाळ्यातच. मंग मी कोनाशी बोलू?"

"खाल्ली ना भाकर सकाळी," बाबा म्हणाले.

सूप आईच्या हातातच राहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"तुमाले आयकू येते?"

"येते."

"माहं?"

"तुहंच येऊन राह्यलं. तू रोज येवढं बोलते?"

आईनं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे ते कळलं नाही. ती उठून घरात गेली आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. इतकी वर्षं ती काय काय बोलून बसली होती, ते सगळं आठवत असणार. बाबा मात्र दारातून आत डोकावत विचारत होते, "काऊन वं, गप्प झाली?"

मी तो फोन त्यांच्याजवळच ठेवला आणि स्वतःसाठी दुसरा घेतला. चार-पाच दिवस राहिले, तेवढ्यात आम्ही दोघं पाळीवर फिरून यायचो. कानात वायर घालून खिशातला फोन सांभाळायची बाबांना सवय नव्हती, म्हणून फोन मी धरायची. त्यामुळे आम्हाला अगदी लगतच चालावं लागे. मी पुढे गेले की वायर ताणली जाई आणि बाबा म्हणत, "थांब वं, मी तुटून राह्यलो." मोठी झाल्यापासून बापाच्या इतक्या जवळून मी चालले नव्हते. गुरांच्या गळ्यातलं लाकडी टापर वाजलं की ते थबकत. बेडूक पाण्यात पडला तर थबकत. एकच अडचण होती. आवाज कोणत्या बाजूनं आला ते फोनमधून कळत नाही. बाबा ऐकत आणि मला विचारत, "कुठी?" मी हात करून दाखवत असे.

मी गेल्यावर आईची भीड हळूहळू चेपली. फोन केला की ती तक्रार करायची, "आता तुह्या बाबाले उत्तर द्या लागते प्रत्येक गोष्टीचं." तक्रारीत सुख होतं ते लपत नव्हतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर तो फोन पाण्यात गेला. डोंग्यावर न्यायचा नाही, असं मी बजावलं होतं. पण मासा उसळतो ते पुन्हा एकदा ऐकावं असं बाबांना वाटलं, आणि मला त्यात नवल वाटलं नाही. फोन सदऱ्याच्या खिशात, वायर कानात. ऐकता ऐकता त्यांनी जाळं ओढायला घेतलं. वाकल्यावर वायर जाळ्याच्या घरात अडकली, आणि जाळं फिरलं तसा फोन खिशातून निघून पाण्यात. वायरीला धरून बाबांनी तो वर काढला, पण तोवर उशीर झाला होता. तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला. तो काही उजळला नाही.

माझा धाकटा भाऊ कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला कळताच तो नवा फोन घेऊन आला. चकचकीत, आणि सोबत पांढऱ्या डबीत बिनवायरीच्या दोन गुंड्या. मीही त्या दिवशी गावी होते. मी फोन उलटसुलट करून पाहिला.

"यात पिन लावायचं भोक कुठी आहे?"

"आता नसते भोक ताई. जुनी गोष्ट झाली ते." तो समजावून सांगू लागला. "वायर होती म्हणून तं अटकली ना जाळ्यात? आमच्या कारखान्यात वायर कानात घालून मशीनजवळ जाऊच देत नाई. आन् हा पान्यात पडला तरी लवकर बिघडत नाई. जेवढे भोकं कमी, तेवढं पानी कमी शिरन."

त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी पाळीवर बसून त्या ओल्या वायरीला दोष देऊन मोकळी झालेच होते. आम्ही बाबांच्या कानात गुंड्या बसवल्या. आई समोर बसली. आता तिला सरावही झाला होता.

"आयकू येते का जी?"

बाबांनी क्षणभर थांबून मान हलवली. भाऊ खूश झाला. दिवसभर बाबा मान हलवत राहिले. कोणी काही म्हटलं की हसायचे, मान हलवायचे. संध्याकाळी भाऊ दुकानाकडे गेला तेव्हा आई माझ्याजवळ येऊन बसली.

"यायले समजत नाई काई. नुसती मान हालवून राह्यले, पोराले वाईट वाटू नये म्हनून."

मी बाबांना इशाऱ्यानं विचारलं. त्यांनी गुंड्या काढल्या, तळहातावर ठेवल्या आणि जरा ओशाळून सांगितलं, "तोंड आधी हालते, बोलनं मांगून येते. मी तिच्या तोंडाकडं पाहू का आवाजाकडं? माहं बोलनंही मले मांगून आयकू येते. गांगरल्यासारखं होते."

मी स्वतः घालून पाहिल्या. खरंच होतं. टाळी वाजवली की हात मिटल्यावर, अगदी किंचित उशिरानं, टाळी कानात यायची. गाणं ऐकताना हे कधी जाणवलं नसतं. पण बाबांनी इतकी वर्षं आईच्या ओठांवरून काढलेला थोडाफार अर्थ आणि आता येणारा आवाज, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी हवे होते. वायरीत ते एकत्र येत. हवेतून येताना आवाज मागे राहत होता.

भाऊ परत आला तेव्हा बाबांनी पुन्हा गुंड्या घातल्या होत्या आणि मान हलवायला सुरुवात केली होती. पण आईला राहवलं नाही. तिनं सांगून टाकलं. भावाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मंग पहिलेच सांगाचं ना बाबा." बाबांना ते ऐकू गेलं नाही, की उशिरा गेलं, कोण जाणे. ते हसले.

चार्जिंगच्या जागी लावायचा एक छोटा जोड मिळतो, तोही मी चंद्रपूरहून आणला. त्यात वायर लागायची, पण जरा हललं की आवाज तुटे. आईचं वाक्य मधूनच गायब होई, आणि नेमका शेवटचा शब्द जाई. दोन दिवसांत बाबांनी तोही देवळीत मशीनशेजारी ठेवला. पिनेचं भोक असलेल्या फोनसाठी चंद्रपूरच्या बाजारात मी दुकानं पालथी घातली. काउंटरवरचा एक जण म्हणाला, "वायरचा कशाला पायजे ताई, आता कोन घेते?" मी पुढच्या दुकानात शिरले. स्वस्तातले काही होते, पण त्यांत आवाज फाटत होता.

शेवटी फोन भावानंच शोधला. कारखान्यातल्या एका सोबत्याच्या घरी जुना पडून होता, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. पोळ्याला आला तेव्हा त्यानं तो खिशातून काढला, उलटा धरला आणि मला फक्त खालची कड दाखवली.

"भोक हाय याले," तो म्हणाला.

त्यात त्यानं स्वतःच सगळं बसवून आणलं होतं, आवाजाची पट्टीसुद्धा. बाबांच्या कानात वायर घालून तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि नेहमीच्या आवाजात, न ओरडता बोलला, "बाबा, मी आलो." बाबांनी मान हलवली नाही. त्यांनी हात पुढे करून त्याच्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, "थकून आला वाटते. आवाज बसला तुहा."

आता डोंग्यावर फोन जात नाही. तलाव बाबांनी मुका आहे तसाच पत्करला आहे. आवाजाची पट्टी पहिल्यापेक्षा वर ठेवावी लागते, आणि ती सरेल तेव्हा पुढे काय, हे डॉक्टरांनीही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पांढऱ्या गुंड्या भाऊ वापरतो, त्याला त्या छान चालतात.

या चैत्राच्या तोंडाशी मी गावी होते. मोहाची फुलं पडत होती. आमच्याकडे हल्ली वाघाच्या भीतीनं बायका टोळीनंच फुलं वेचायला जातात आणि सारख्या एकमेकींना हाका मारत राहतात. हाक ऐकू येत नाही म्हणून आईनं बाबांना कित्येक वर्षं बरोबर नेलं नव्हतं. या वेळी नेलं. उजाडल्यावर आम्ही निघालो, पाळीच्या पलीकडच्या झाडाखाली. सगळीकडे तो गोड, जड वास. खाली फुलांचा फिका सडा पडला होता आणि वरून एकेक अजून गळत होतं.

बाबा झाडाखाली उभे राहिले. आईनं टोपली खाली ठेवली आणि कधी नव्हे ते म्हणाली, "द्या जी एक मले." बाबांनी एका कानातलं वायरीचं टोक काढून तिला दिलं. तिनं ते पदराआडून कानात घातलं. फूल पडलं. दोघांनी एकदमच मान वळवली, बाबांनी चुकीच्या बाजूला. आईनं त्यांचा हात धरून बरोबर बाजूला वळवलं. लांबून बायकांनी हाक घातली, "हाव का वं?" आईनं ओ दिली, आणि स्वतःचा मोठा झालेला आवाज ऐकून चपापली.

"माहा आवाज असा हाय?" तिनं विचारलं.

"असाच हाय," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून."

वायर आखूड होती, म्हणून दोघं डोक्याला डोकं लावून उभे होते. मी टोपली उचलली आणि वेचायला लागले.