पाण्यातल्या माशाचं नाव

समोरचा माणूस ठामपणे काही बोलला की मॅडम अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत दोरी धरल्यासारखं करायच्या. “पाण्याबाहेर येऊ द्या, भाऊ.”

चंद्रपूरकरांनी त्यांना जटपुरा गेटजवळ पाहिलं असेल. एका हातात छत्री, दुसऱ्यात लॅपटॉपची पिशवी आणि ऑटोवाल्याशी ग्रहणाच्या वेळेवरून वाद. त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. माहेर मुलचेऱ्याकडचं, तलावात मासे धरणाऱ्यांचं. जाळ्याच्या दोरीला कितीही ओढ लागली, तरी मासा हाती येईपर्यंत त्यांच्या घरात कोणी त्याचं नाव घेत नसे.

आमची ओळख भांडणातून झाली. माजरीजवळच्या एका शेतात काळा दगड सापडला आणि आम्ही आमच्या वर्तमानपत्रात ‘उल्का पडली’ असं छापलं. दुसऱ्या दिवशी त्या तोच दगड घेऊन कचेरीत हजर. “हा वीटभट्टीतला खंगर आहे, जळून वितळलेली वीट. आभायातून नाई, ट्रॅक्टरमधून पडला.”

त्यांचा स्वतःचा प्रश्न फार दूरचा होता. एक प्रचंड तारा आणि त्याच्याबरोबर फिरणारा, न दिसणारा जोडीदार. या जोडीतून गॅमा किरण येतात. जोडीदार न्यूट्रॉन तारा आहे की कृष्णविवर, हे ठरत नव्हतं. न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती फिरताना किरणांचा झोत फिरवत नेमाने ठोके देतो. कृष्णविवर देत नाही. उपग्रहाच्या नोंदी सर्वांना खुल्या असतात. कॉलेज सुटलं की त्या त्यांत ठोका शोधत बसत.

“इतकी वर्षं सापडला नाही, म्हणजे कृष्णविवरच ना?” मी एकदा विचारलं.

“काऊन? त्याचा झोत आपल्याकडे नसंल तर?”

सहाव्या वर्षी ठोका सापडला. मी मागे लागलो. “मॅडम, नाव सांगा.” दोन दिवस त्यांनी टाळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “न्यूट्रॉन तारा. लिहा.” बातमी पहिल्या पानावर आली. याच शोधावर एका संशोधन संस्थेने त्यांना दोन वर्षांसाठी बोलावलं. अशा बोलावण्याची त्या तरुणपणापासून वाट पाहत होत्या.

निघायला महिना राहिला असताना त्या कचेरीत आल्या. ज्या नोंदींत ठोका शोधला, त्याच नोंदींवर तो तपासला होता. नव्या नोंदींत तो नव्हता.

“एकच जाळं दोनदा पाह्यलं आन् दोन मासे समजले,” त्या म्हणाल्या. “खुलासा छापा.”

“तिथं रुजू व्हा, मग सांगा. कोणाला कळणार आहे?”

“मले कळून राह्यलं ना, भाऊ.”

संस्थेला त्यांनी आधीच कळवलं होतं. निवड रद्द झाली. खुलासा चार ओळींचा, सातव्या पानावर. तो त्यांनी प्रयोगशाळेच्या फलकावर लावला. मूळ बातमी तिथे कधीच नव्हती.

शोध मात्र थांबला नाही. मी पुन्हा नाव विचारलं नाही. गेल्या वर्षी त्यांचा फोनवर निरोप आला: “दोरीले ओढ लागून राह्यली. छापू नका.”

आठ दिवसांनी हृदयविकाराने त्या गेल्या. निधनाची बातमी मीच लिहिली. उपसंपादकाने विचारलं, “यांचा तो तारा शेवटी काय निघाला?”

नकळत माझा अंगठा तर्जनीला लागला. मी लिहिलं: शोध सुरू होता.