पुसलेले ठिपके

आळंदमध्ये झुरळांना जितका मान औषधवाल्या अण्णांनी दिला, तितका आम्ही माणसांनी एकमेकांनाही दिला नसेल. त्याच झुरळांना मारून अण्णांचं घर चाले, ही गोष्ट वेगळी. अण्णा घरात शिरले की यजमानाशी आधी बोलतच नसत. चपला दारात काढून थेट स्वयंपाकघरात जायचे, शहाबादी फरशीवर गाल टेकून आडवे व्हायचे आणि कपाटाखाली बॅटरी मारून म्हणायचे, "तीन पिढ्या नांदायल्यात हितं, गुरुजी. चांगलं कुटुंब हाय." वाळवी लागलेली चौकट ते डॉक्टरासारखी बोटानं वाजवून, कान लावून तपासत. पालीला मात्र हात लावत नसत. माझी बायको पाल बघून किंचाळली, तेव्हा तिलाच दटावलं, "बिनपगारी राबायलीय ती, अक्का. कामून हाकलता?"

उग्र वास आला तरच औषध जोरदार, असं मानणारं आमचं गाव. अण्णा फवारणी टाळून कोपऱ्याकोपऱ्यात मोहरीएवढे मलमाचे ठिपके लावत. "माणसाला वास लागतो, झुरळाला भूक. घराला तीट लावलोय असं समजा. पंधरा दिवस पुसू नका."

मी तिसऱ्या दिवशी पुसले.

येळवस दोन दिवसांवर आली होती. त्या अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. उमरग्याचे व्याही येणार होते, बायको माहेरी गेली होती आणि मला जन्मात पहिल्यांदा स्वच्छतेचा झटका आला. बादलीभर फिनेल घेऊन मी स्वयंपाकघर कोपऱ्यांसकट घासून काढलं. बायको परत येऊन म्हणाली, "आज सूर्य कुणीकडं उगवला म्हणायचा?" एवढ्या कौतुकापुढे ठिपक्यांचं सांगायचं राहून गेलं.

येळवशीला शेतात पंगत बसली. घरून आणलेल्या भज्जीच्या, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीच्या, पातेल्यावरचं फडकं काढताच एक धिप्पाड झुरळ बाहेर आलं आणि व्याह्यांच्या पत्रावळीकडे चालू लागलं. "ह्यालाबी आवतण दिलतं व्हय, गुरुजी?" व्याही म्हणाले. आजूबाजूच्या चार शेतांतली माणसं खो खो हसली. माझा चेहरा उतरला आणि तोंडातून निघून गेलं, "आमच्या अण्णाचं औषध म्हणजे नुसतं पाणी हो!"

गुरुजींचा शब्द. आंबील संपायच्या आत तो शेताशेतांतून फिरला. दुसऱ्या दिवशी अण्णा आले, फरशीवर गाल टेकला, बराच वेळ तसेच पडून राहिले. उठून म्हणाले, "परत लावतो. फुकट." लावले आणि गेले. आठवड्यात झुरळं संपली, पण तोवर अण्णांची कामंही संपली होती. मी बघत होतो. रोज ठरवायचो, आज चहाच्या हॉटेलात खरं सांगू. रोज चहा पिऊन घरी यायचो. वर्षभरात अण्णा निर्ण्याला, आपल्या तुकडाभर शेतावर निघून गेले.

बायको वारल्यावर, इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात मी निर्ण्याला गेलो. अण्णा तुरीत वाकून एका अळीची विचारपूस करत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "अण्णा, ते ठिपके मीच पुसलो होतो."

"ठाऊक हाय की. फरशीला फिनेलचा वास यायलता."

"मग बोललात कामून न्हाई?"

त्यांनी अळी अलगद पानावर ठेवली. "माझी दोन्ही लेकरं तवा तुमच्या वर्गात होती, गुरुजी. तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलो असतो, तर घरी जाऊन त्यांना कुणाचं ऐका म्हणून सांगू?"

त्या वर्गातल्या फळ्यावर मी रोज सुविचार लिहायचो.

तर आळंदकरांनो, औषध चांगलं होतं. हॉटेलात सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून इथे लिहितो. अण्णा त्यानंतर आठवड्याभरात हट्टानं घरी आले, गुडघे दुखत असूनही फरशीवर आडवे झाले आणि ठिपके लावून गेले. पंधरा दिवस कधीच उलटले. आता घर पुसणारा मी एकटाच. कोपऱ्याजवळ गेलं की फडकं आपोआप थांबतं.